फिरत्या घोड्यांचा कंदील

खळ्यात तेवीस कंदील होते. एकवीस दोरीवर, दोन अक्रोडाच्या खालच्या फांदीवर. झाडाखाली चार स्टुलं, एक विझलेली चूल, तळाशी पिठूळ पाणी उरलेली एक कढई, आठ वाट्या आणि लांब दांड्याचा एक झारा. अक्रोडाच्या वरच्या फांदीला तारेचा एक आकडा होता. त्याला काहीच टांगलेलं नव्हतं.

हुई शूमेइनं हे सगळं दोनदा मोजलं आणि मग वहीत लिहिलं. तालुक्याच्या गावात ती खाजगी चौकश्या करायची. त्याआधी सतरा वर्षं तिनं सरकारी गोदामात गव्हातला ओलावा तपासला होता. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय तिथलीच.

"काल चोवीस होते," मू याओत्सोंग म्हणाला. "चोविसावा माझा."

मू सदुसष्ट वर्षांचा होता. बांबूच्या कामट्या आणि कागद यांतच त्याचं आयुष्य गेलं होतं. आसपासच्या बारा गावांत त्याच्या हातचे कंदील लागायचे.

"ताई, एका कंदिलासाठी आपण पहाटे निघालो?" हुईचा मदतनीस लियाओ तिच्या कानाशी कुजबुजला. तो समुद्राकाठच्या दक्षिणेतला. वेइ नदीच्या काठची ही कोरडी थंडी त्याला चार वर्षांनीही मानवली नव्हती. "बाजारात वीस युआनला मिळतो की."

मूनं ते ऐकलं. तो रागावला नाही. त्यानं फक्त आजूबाजूला कुणी नाही ना, हे पाहिलं.

"तो फिरत्या घोड्यांचा कंदील होता. आत मेणबत्ती लावली की गरम हवेनं चक्र फिरतं आणि घोड्यांच्या सावल्या कागदावर धावतात. दरवर्षी घोडे मीच कापतो. यंदा पेटी आवरताना जुन्या वहीत आठ आकृत्या सापडल्या. पाच घोडे, एक घोडी, तिच्यामागे शिंगरू आणि शेवटी चाबूक उगारलेला स्वार. माझ्या बायकोनं, पेइलाननं कापलेल्या. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही."

"हे मित्रांना माहीत होतं?"

"नाही. सांगताना रडू आलं असतं. म्हटलं, एकदा सगळ्यांसोबत तिचे घोडे धावताना बघावेत, मग जपून ठेवून द्यावेत."

"आणि आज नव्या वर्षाची सोळावी तिथी, कंदिलांच्या सणाचा दुसरा दिवस," हुई म्हणाली.

"तेच ना! अंधार पडला की गावातला एकूण एक कंदील जाळतील. वर्षभर घरात ठेवला तर डोळ्यांना पीडा होते म्हणतात. ज्यानं नेलाय तोही जाळणार. त्याला काय कल्पना!"

लियाओनं मान खाली घातली. सव्वानऊ वाजले होते. अंधार पडायला नऊ तास होते.

"काल काय झालं ते क्रमानं सांगा."

मूनं सांगितलं. एका वर्गातले पाच मित्र. चाळीस वर्षं पंधराव्या तिथीला याच खळ्यात जमायचे. पाचव्याच्या माघारी त्याची मुलगी, वेन यूछिन, त्याच्या जागी येऊ लागली. चौथा मित्र लेकीकडे परदेशी गेला. म्हणून काल चौघंच होते. मू स्वतः, वेन, जुन्या वस्तूंचा व्यापारी शियांग देलू आणि फान छांगगन. चूल, लाकडं, पाण्याची बादली असं सगळं सामान फाननं आपल्या गाढवीच्या गाडीतून आणलं होतं. तिळाच्या सारणाच्या गोळ्यांचा पहिला घाणा कढईत पडला, तेवढ्यात रस्त्यानं ढोलवाल्यांची मिरवणूक आली.

"शियांग तेव्हा निघालाच होता. त्याची गाडी रस्त्याला लागली आणि तेवढ्यात तिच्यापुढे ढोल आले. मी रस्त्याच्या कडेला पळालो. पळताना मागं वळून पाहिलं, तेव्हा घोडे फिरत होते. मिरवणूक गेली, परत आलो, तर आकडा मोकळा."

"बाकी दोघं?"

"वेन कढईपाशी होती. फान गाढवीला सांभाळत होता, ढोलाला बुजते ती. नंतर तो लगेच निघाला. मी ओरडून विचारलं, गोळे नाही खाणार? त्यानं नुसता हात हलवला."

"तुम्हांला संशय कुणाचा?"

"शियांगचा! पेइलानच्या कातरकामासाठी तीन वर्षं मागं लागलाय. आज सकाळी इथंच उभा राहून मी चोराला घातल्या शिव्या. हात झडोत, म्हटलं. फान आला होता, तो तर म्हणाला, एवढ्यानं काय होतंय, सात पिढ्या काढ त्याच्या. जिवाचा मित्र आहे माझा."

हुईनं खिशातून टेप काढली. आकडा जमिनीपासून दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर उंच होता.

"तुम्ही कसा टांगलात?"

"घरून शिडी आणली होती. लगेच परत नेली."

लियाओ स्टुलावर चढून हात उंचावू लागला. तिथून आकडा वीतभर वरच राहिला. उतरताना त्याचा पाय सटकला आणि तो धप्पकन बसला.

"आई गं! इथं बर्फ आहे, ताई!"

खरंच होता. वरच्या फांदीच्या जवळजवळ खालीच पाणी सांडून गोठलं होतं. चटईएवढा पातळ पापुद्रा, तीन बाजूंनी वेडावाकडा. चौथ्या बाजूला कड पट्टीनं आखावी तशी सरळ होती.

"रात्री पाऊस पडला होता?"

"महिनाभर थेंब नाही," मू म्हणाला.

हुईनं सरळ कडेची लांबी मोजली आणि लिहून घेतली.

"आणखी एक. पहिल्या घाण्यातले किती गोळे तळाला चिकटले होते?"

मू तिच्याकडे बघत राहिला. "एकही नाही. का?"

"कढई बघितली म्हणून विचारलं."

वेन यूछिन शाळेत गणित शिकवायची. आज शाळेला सुट्टी होती. तिनं चहा ओतला, पण बसली नाही.

"तुम्ही येणार हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "लग्नाला चार वर्षं झालीत. मूल नाही. सकाळपासून गल्लीतल्या तीन बायका साखर मागायला येऊन पलंगाखाली डोकावून गेल्यात."

"पलंगाखाली कशाला?" लियाओनं विचारलं.

"काका, तुम्ही कुठले?"

"समुद्राकडचा. आमच्याकडे या रात्री शेजाऱ्याच्या मळ्यातली भाजी चोरतात. चोरणारीला चांगला नवरा मिळतो म्हणतात."

"मग? तुम्हांला मिळाला?"

"मला कशाला हवाय नवरा!"

वेन त्या सकाळी पहिल्यांदाच हसली. मग बसली.

"आमच्याकडे कंदील चोरतात. ज्या घरात पाळणा हलत नाही त्यांनी चोरायचा. पेटता न्यायचा, वाटेत विझू द्यायचा नाही. घरी पोचेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. पलंगाखाली ठेवायचा. आणि सकाळी मालकानं जितक्या शिव्या घालाव्या तितका गुण जास्त."

"तुमचा विश्वास आहे?"

"मी गणित शिकवते. पण सासूबाईंचा आहे, म्हणून गावाचा माझ्यावर संशय आहे." तिनं कप फिरवला. "एक सांगू? मला चोरायचाच असता तर मी कमळाचा चोरला असता. कमळात बसलेलं बाळ, त्या कामासाठी त्याहून शुभ कंदील नाही. माझ्या डोक्याच्या उंचीवर लटकत होता. हात वर करायचा आणि काढायचा. घोडे कोण चोरेल?"

"त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

"ढवळत होते. गोळे पडल्यावर हात थांबवला की बसलेच तळाला. पाठ झाडाकडे होती आणि ढोलांमुळे काही ऐकू येत नव्हतं. दुसरा घाणा राहूनच गेला. पाणीच नव्हतं."

"बादली भरलेली होती ना?"

"होती. फानकाका घेऊन गेले गाडीबरोबर. त्यांचीच बादली, काय बोलणार?"

शियांग देलूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन लाकडी देव, एक तुटका ग्रामोफोन आणि सोळा घड्याळं, त्यांतलं एक चालू.

"मूनं माझं नाव घेतलं ना?" तो म्हणाला. "घेऊ दे. वहिनींच्या हातचं कातरकाम मी मागतो, हे खरं. विकायला नाही हो! जिल्ह्याच्या संग्रहालयात लावायला. तो म्हणतो काहीच उरलं नाही. मग मी कंदील चोरून काय करू? त्याचे घोडे म्हणजे कुत्र्यांसारखे दिसतात."

"काल लवकर का निघालात?"

"गिऱ्हाईक यायचं होतं. आणि पोचलो कधी? ढोलवाले पुढे, मी मागे. सतरा मिनिटं हॉर्न वाजवला. त्यांच्या म्होरक्याला विचारा, आईवरून शिव्या दिल्यात त्यानं मला."

हुईनं तिथूनच म्होरक्याला फोन लावला. त्यानं दुजोरा दिला आणि शियांगसाठी आणखी एक शिवी दिली.

"तुम्ही जनावरांचेही व्यवहार करता?" हुईनं भिंतीवरच्या एका चिठ्ठीकडे पाहत विचारलं.

"मधला माणूस म्हणून. विसाव्या तिथीला शानतोंगचा कातड्याचा व्यापारी येतोय. फानच्या पोरानं शहरातून फोन केला होता, आमची गाढवी दाखवा त्याला म्हणून. तीन वर्षं रिकामी आहे, गाभण राहत नाही, नुसती खाते म्हणे." त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं. "मला नाही आवडत तो धंदा. पण पोरगा म्हणतो, तुम्ही नाही आणलात तर दुसरा कुणी आणेल."

फान छांगगनच्या घराच्या कोपऱ्यावर पोचण्याआधीच त्याचा आवाज आला. तो नाटकातलं गाणं म्हणत होता. सेनापतीच्या मरणाचं, गळ्याच्या शिरा ताणून. अंगणात काळीभोर, पांढऱ्या पोटाची एक उंच गाढवी उभी होती आणि तो तिच्या पाठीवरून ब्रश फिरवत होता.

"ही वूयुन," त्यानं ओळख करून दिली. "नाव काळ्या ढगाचं, पण स्वभाव लोण्याचा. या, या. मू अजून शिव्या देतोय का?"

"दमलाय," लियाओ म्हणाला.

"दमून कसं चालेल? एवढी मोठी चोरी झालीय!"

"काल तुम्ही न बोलता निघालात," हुई म्हणाली.

"घसा बसला होता, ताई. मिरची जास्त झाली."

"घरी आणखी कोण असतं?"

"मी आणि ही. बायको जाऊन दहा वर्षं झाली, पोरगा शहरात."

गाडी गोठ्याला टेकवून ठेवली होती. हुई सहज तिच्यापाशी गेली. फळी जमिनीपासून पंचाहत्तर सेंटिमीटर होती. खुंटीला कोरडी लोखंडी बादली लटकत होती.

"काल दुसरा घाणा राहिला म्हणे, पाणी नव्हतं."

"उरलेलं वूयुनला पाजलं. ढोलांनी बिचारी घाबरली होती."

गोठ्याचं दार ओढून घेतलेलं होतं. हुईनं ते उघडायला सांगितलं नाही. "चार वाजता खळ्यात या," ती म्हणाली. "सगळेच येणार आहेत."

परतीच्या वाटेवर लियाओ म्हणाला, "वेननं नाही, शियांगनं नाही. फानला तर कारणच नाही. एकटा म्हातारा. त्याच्या पलंगाखाली कंदील ठेवून कोण बाळंत होणार?"

"हाच प्रश्न सगळ्या गावानं विचारला," हुई म्हणाली, "म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही."

चार वाजता चौघं खळ्यात बसले होते. मू आणि शियांग एकमेकांकडे पाठ करून. वेननं पुन्हा कढई चढवली होती, या वेळी स्वतःच्या घरचं पाणी आणून.

"मला कुणाची चूक दाखवायची नाही, एक कंदील शोधायचाय," हुईनं सुरुवात केली. "मिरवणूक आली तेव्हा घोडे फिरत होते आणि शियांगकाकांची गाडी रस्त्याला लागली होती. पुढची सतरा मिनिटं ते ढोलांच्या मागे अडकले. तेव्हा ते नाहीत."

शियांगनं मूच्या पाठीकडे पाहून मोठ्यांदा घसा खाकरला.

"वेनबाई कढईपाशी होत्या. पहिल्या घाण्यातला एकही गोळा तळाला चिकटला नाही. म्हणजे त्यांचा हात थांबला नाही. झाडावर चढून कंदील काढायला दोन-तीन मिनिटं तरी लागतात. तेवढ्यात अर्धी कढई चिकटली असती."

वेननं झारा वर धरला, जसं काही प्रमाणपत्रच.

"आकडा दोन मीटर ऐंशी उंच. स्टुलावरून हात पोचत नाही. गाडीच्या फळीवरून पोचतो. आकड्याखाली बर्फ आहे. त्याची एक कड सरळ आहे, कारण पाणी गाडीच्या चाकानं उठवलेल्या मातीच्या कडेला अडलं आणि तिथंच गोठलं. म्हणजे काल गाडी या फांदीखाली उभी होती, आणि तिथं कुणीतरी भरलेली बादली ओतली. फानकाका म्हणाले, पाणी गाढवीला पाजलं. गाढवीनं प्यायलं असतं तर ते जमिनीवर गोठलं नसतं."

फान जमिनीकडे बघत होता.

"कढई उकळत असताना पाणी का ओतायचं? कारण बादली रिकामी हवी होती. उघड्या गाडीत वाऱ्यानं मेणबत्ती विझली असती. लोखंडी बादलीत कंदील उभा केला तर विझत नाही आणि गाडीतलं गवतही पेटत नाही. आता, साध्या चोराला ज्योत जिवंत ठेवायची काय गरज? तो फुंकर मारतो आणि पळतो. पेटता कंदील नेणारा माणूस एकाच कारणासाठी नेतो. म्हणूनच तो वाटेत बोलला नाही, नुसता हात हलवला. म्हणूनच सकाळी येऊन म्हणाला, आणखी शिव्या घाल. घसा बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सेनापतीचं मरण गात नाही."

"पण फान?" मू उठून उभा राहिला. "याच्या घरात बाईमाणूस नाही! याला कशाला हवं—"

"तो प्रश्न वेनबाईंनीच सोडवला. मुलासाठी चोरायचा तर हाताशी कमळाचा होता. चोरानं तो सोडला आणि गाडी हलवून, फळीवर चढून, उंचावरचा काढला. त्या कंदिलात होतं काय? घोडी आणि तिच्यामागे धावणारं शिंगरू. ज्याला बाळ हवं तो कमळ नेतो. हा कंदील ज्याला शिंगरू हवं त्यानं नेला. तो पलंगाखाली नाही, गव्हाणीखाली आहे."



"विसाव्या तिथीला तो कातडीवाला येतोय," फान म्हणाला. "पोरगा म्हणतो, रिकामं जनावर कशाला पोसायचं. बारा वर्षं माझ्याशी बोलतेय ती, मू. मी गातो तेव्हा कान हलवते. तुझा कंदील फिरताना ती घोडी आणि ते पिल्लू बघितलं आणि डोकंच फिरलं माझं. तू काय, पुढच्या वर्षी नवे घोडे कापशील, असं वाटलं."

"ते मी कापलेले नव्हते," मू म्हणाला. "ते पेइलानचे होते."

फानच्या तोंडाचा रंग उतरला. तो उठला आणि चक्क पळत सुटला. सहासष्टाव्या वर्षी, कापसाचा जाड कोट सावरत.

वीस मिनिटांनी तो परतला तेव्हा कंदील दोन्ही हातांत होता. एक कामटी मोडली होती, एका बाजूला गव्हाचा भुसा चिकटला होता. मूनं आतली चकती उचलली आणि आकृत्या एकेक करून तळहातावर घेतल्या. पाच घोडे. घोडी. शिंगरू. स्वार. शियांग पाठ वळवून बसलेला, तो आता खांद्यावरून वाकून बघत होता.

"हे कुत्र्यांसारखे नाहीत," तो हळूच म्हणाला.

"तुझं तोंड बघ आधी," मू म्हणाला. पण त्यानं हात बाजूला घेतला नाही, शियांगला नीट दिसावं म्हणून.

"मी माफी मागायच्याही लायकीचा नाही," फान म्हणाला.

"गप रे. परत आणलास म्हणजे गुण गेला की काय तुझ्या कंदिलाचा?" मूनं विचार केला. मग शिंगराची आकृती उचलून त्यानं फानच्या हातावर ठेवली. "सात मला पुरेत. हे गव्हाणीखाली ठेव. पेइलानला वाया गेलेलं आवडायचं नाही. आणि ऐक, चोरट्या, गाढवीच्या नवऱ्या, तुझ्या सात पिढ्यांच्या कढईतले गोळे तळाला बसोत, तुझ्या गाण्यानं गावातले कोंबडे मुके होवोत..."

"अजून," फान डोळे पुसत म्हणाला. "अजून घाल."

"कातडीवाल्याला मीच आणतोय ना?" शियांग म्हणाला. "मग वर्षभर नाही आणत. तुझ्या पोराशी मी बोलतो."

"आणि शिंगरू गव्हाणीखाली ठेवा," हुई वही मिटत म्हणाली, "पण वूयुनला जनावरांच्या डॉक्टरलाही दाखवा. तीन वर्षं रिकामी राहण्याला कारण असतं."

वेननं वाट्या भरल्या. लियाओनं नऊ गोळे खाल्ले आणि दहाव्याला नको म्हणाला नाही. अंधार पडल्यावर त्यांनी तेवीस कंदील एकेक करून खळ्याच्या मध्ये जाळले. चोविसाव्याचा सांगाडाही त्यांतच टाकला. सात आकृत्या मूच्या वहीत, कोटाच्या आतल्या खिशात होत्या.

त्या वसंतात डॉक्टरांनी वूयुनच्या गर्भाशयातल्या जुन्या दुखण्यावर सहा आठवडे औषध दिलं. मे महिन्यात तिला वळूगाढवाकडे नेलं.

पुढच्या मे महिन्याच्या सव्वीस तारखेला हुईला एक कागद आला. खाली फान, मू, शियांग आणि वेन, चौघांच्या सह्या होत्या. वजन धान्याच्या काट्यावर केलं होतं. फान शिंगराला उचलून घेऊन: एकशे दोन किलो चारशे ग्रॅम. फान एकटा: पासष्ट किलो नऊशे ग्रॅम. शिंगरू, मादी: छत्तीस किलो पाचशे ग्रॅम.